मरणाच्या खोलीत हसल्याबद्दल

मी, श्रीमती प्रमोदिनी गोपाळकृष्ण दाणी, वय एकसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार अंबापेठ, अमरावती, कोणाच्याही दडपणाखाली न येता पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहिते. माझे दीर, अकोल्याचे वकील मोरोपंत, माझ्या शुद्धीबद्दल शंका काढतील. म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. माझे राहते घर माझ्या पगारातून बांधलेले व माझ्या नावावर आहे. ते मी शाळेतील सहकारी वच्छला देवराव वानखडे यांना देते. मोरोपंतांना काही देत नाही. कारण पुढे नोंदवते.

२. मोरोपंतांनी एकदा चारचौघांत मला एक जाडजूड इंग्रजी कादंबरी दिली आणि म्हणाले, "वहिनी, ही तुम्हाला झेपायची नाही." तीत एका श्रीमंत म्हाताऱ्याच्या उशाशी नातेवाईक रडण्याची तालीम करतात, आणि म्हातारा काही मरत नाही. वाक्ये लांबलचक, माणसे एकाहून एक नीच. मी ती दोनदा अर्ध्यावर सोडली. लेखक मला असभ्य वाटला.

१९५८ साली यजमानांना घशाचा कॅन्सर झाला. मोरोपंत रविवारी अकोल्याहून येत, भावाचा हात धरून रडत आणि तो हात न सोडता विचारत, "दादा, वहिनीला घराचं सांगितलंस का?" एकदा रडता रडताच त्यांनी चहात आले कमी असल्याचे मला सांगितले. मोरोपंत अकोल्याला परतल्यावर मी कादंबरी पुन्हा उघडली. लेखक कोणाला हसतो आहे, ते आता कळले. मग मी यजमानांना मराठी करून वाचून दाखवू लागले. त्यांचा आवाज गेला होता, पण हसताना खांदे हलत. मी थांबले की पाटीवर लिहीत, "पुढे वाच." शेवटचा महिना आम्ही असा काढला. एवढे आम्ही उभ्या संसारात हसलो नव्हतो.

३. मोरोपंतांनी ते दाराआडून ऐकले आणि तेराव्याला सर्वांसमोर सांगितले, "नवरा मरत होता आणि ही हसत होती." तेच त्यांनी शाळेच्या मंडळालाही कळवले. माझी ठरलेली मुख्याध्यापिकेची जागा दुसरीला मिळाली.  त्या तेराव्याला भेटीला आलेल्या वच्छलाबाई तेवढ्या दारातूनच म्हणाल्या, "वकीलसाहेब, हसल्यानं माणूस मरत नसते. तुमी त्याच्या जित्तेपणीच घर मांगून राहिले होते, ते मी माह्या कानानं आयकलं."

४. चांदीची भांडी जाऊबाई सिंधू यांच्या हाती द्यावीत, मोरोपंतांच्या नव्हे. कादंबरी यजमानांच्या पाटीसह वच्छलाबाईंकडे राहील.

५. माझे दिवस घालू नयेत. मोरोपंत आले तर त्यांना बसायला खुर्ची द्यावी. बोलू देऊ नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही : प्रमोदिनी गोपाळकृष्ण दाणी

साक्षीदार :
१. नारायण विष्णू खेर, अमरावती
२. देवमन नत्थुजी ठाकरे, बाळापूर

अमरावती, दि. ९ फेब्रुवारी १९६४