डास, होडी, सात घोडे आणि अक्काचं पाकीट

ट्रॉय, मिशिगन
मंगळवार, २४ जुलै १९८४

ती. सौ. अक्काच्या चरणी ट्रॉयहून श्रीरंगचा साष्टांग नमस्कार. (या खेपेला आठही अंगं खरोखर जमिनीला टेकली आहेत. पत्राची सुरुवात मी गराजमध्ये गाडीखाली पडूनच मनात जुळवली. उताणा होतो, एवढंच. तेवढं चालवून घे.) तुझी कंबर आणि दाजींचा गुडघा, दोन्ही ठिकाणावर असतील अशी आशा आहे. इकडे विनीता छान आहे, बाळ छान आहे, आमची जुनी मॉरिस मायनरही छान आहे. मीच काय तो छान नाही, कारण परवा रविवारी तुझ्या भाचीचं बारसं झालं आणि नाव ठेवायचं तेवढं राहिलं.

रागावायचं असेल तर आधी सगळं वाच. तू जूनमध्ये इकडे परतणाऱ्या विवेकबरोबर पाठवलेलं पाकीट मिळालं. त्यावर तुझ्या शाळामास्तरणीच्या लाल शाईत लिहिलं होतं, ‘बारशाला पाळण्याजवळ उघडणे. आधी उघडल्यास याद राखा.’ आम्ही याद राखली. मुलगा झाला तर हे, मुलगी झाली तर ते, अशी दोन्ही नावं आत असणार असा आमचा अंदाज. विनीता म्हणाली, पाकीट देवापाशी ठेवा. मी ते मॉरिस मायनरच्या खणात ठेवलं. (देवापाशीच म्हणायचं. विनीताच्या मते माझा देव्हारा गराजमध्येच आहे.) हॉस्पिटलातल्या बाई नावासाठी मागे लागल्या, तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं की आमच्यात नाव बाप ठेवत नाही, आत्या ठेवते, आणि आत्या आठ हजार मैलांवर आहे. त्यांनी फॉर्मवर नुसतं ‘मुलगी, करंदीकर’ लिहिलं आणि मान हलवली.

इथे बाराव्या दिवसाचं बारसं जवळच्या सोयीच्या रविवारी होतं. साठ माणसं आली. मृणालिनीकाकूंनी (डॉक्टर गिरीश यांच्या पत्नी, आमच्या मराठी मंडळाच्या तहहयात अध्यक्ष) पाळणा फुग्यांनी सजवला, घुगऱ्या शिजल्या, ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ झालं, आणि मी ऐटीत पाकीट आणायला गराजमध्ये गेलो. खण रिकामा. सीटखाली नाही, चटईखाली नाही, डिकीत नाही. मी घामाघूम होऊन परत आलो आणि विनीताच्या कानात सांगितलं. तिचा चेहरा पाहून मला समोरच्या खिडकीतून उडी मारावीशी वाटली, पण आमचं घर बैठं आहे.

ती डॉक्टरांना घेऊन शोधायला गेली आणि मला म्हणाली, लोकांना काहीतरी बोलत ठेवा. आता मला बोलता येतं ते एकाच विषयावर, हे तुला ठाऊक आहे. म्हणून मी पाळण्याशेजारी उभा राहून, विलायतेतल्या छोट्या मोटारींची बारशी कशी झाली यावर व्याख्यान सुरू केलं. म्हटलं, मंडळी, ऑस्टिन सेव्हनला सेव्हन का म्हणतात? तर सरकारी कराच्या तक्त्यात ती सात घोड्यांची भरली म्हणून. म्हणजे पोरीला रेशनकार्डावरच्या आकड्याने हाक मारायची. एमजीला एमजी का, तर ती मॉरिस गराजेस नावाच्या दुकानातून निघाली म्हणून, जशी आपली आडनावं गावावरून पडतात. त्यातल्या छोटीला नाव ठेवलं मिजेट, म्हणजे बुटकी. (आपल्या ठमाकाकू पोरांना अशीच नावं ठेवायच्या.) मद्रासला बनायची ती हेरल्ड आठवते? तिचं नाव म्हणे कंपनीच्या साहेबाच्या होडीवरून. मिनी जन्मली तेव्हा तिला माहेरची दोन घरं होती आणि दोन घरांची दोन नावं. शेवटी लोक हाक मारायचे तेच टिकलं.

अक्का, लोक हसत होते! घुगऱ्या गार होत होत्या, तरी हसत होते. मला इतका चेव चढला की पाकीट हरवल्याचंच मी विसरलो. मग आमच्या मायनरवर आलो. तिचं नाव आधी मॉस्किटो ठरलं होतं, म्हणजे डास. ते बारगळलं आणि कंपनीने आपल्याच एका जुन्या गाडीचं नाव तिला दिलं, आजीचं नाव नातीला देतात तसं. इथेच घात झाला. डॉक्टरांचा धाकटा अतुल (इथेच जन्मलेला, मराठी समजतं पण तोंडातून इंग्रजीच निघतं) पाळण्यात डोकावून म्हणाला, “सो शी इज मॉस्किटो?” झालं. सगळी पोरं पाळण्याभोवती मॉस्किटो, मॉस्किटो करत नाचायला लागली. तुझी भाची इतकी खूश, की तिने दोन्ही पाय हवेत झाडले.

विनीता हात हलवत परत आली, तेव्हा मृणालिनीकाकू पुढे झाल्या. त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, “श्रीरंग, किती वेळ थांबायचं? आत्या काय नि काकू काय, मी ठेवते नाव. छान मॉडर्न नाव आहे माझ्याकडे.” त्यांचा हेतू चांगला होता. पण माझा आवाज एकदम चढला. मी म्हणालो, काकू, मी सात वर्षांचा असताना आई गेली. माझी पाटी, माझा डबा, माझं लग्न, सगळं अक्काने पाहिलं. तिने माझ्याकडे आजवर एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे हे नाव. ते राहील तर राहू दे. काकूंनी पदर सोडला, डोळ्याला लावला आणि पानं वाढायला घेतली. माणसं पोटभर जेवली, आहेर देऊन गेली आणि बाळ बिननावाचं झोपलं.

तेव्हापासून मी गाडीचा प्रत्येक स्क्रू सोडवून पाहिला आहे. फोन केला असता, पण तो तुमच्या शेजाऱ्यांकडे, सगळी आळी कान लावणार, आणि तुझा आवाज ऐकला की मला खोटं बोलता येत नाही. चूक माझीच आहे. पाकीट देवापाशी ठेवायला हवं होतं.

तुझा (डासाचा बाप),
श्रीरंग

ता. क. आता मुद्द्याचं. नाव तारेने कळव. तार करताना पाकीट हरवल्याचं दाजींना सांगू नकोस.

ता. क. दुसरा, बुधवार. पाकीट सापडलं! मी ते खणात ठेवल्याच्या दुसऱ्याच दिवशी विनीताने ते गाडीतून काढून पाळण्यातल्या गादीखाली ठेवलं होतं आणि जागरणात साफ विसरली होती. साठ माणसं नावासाठी खोळंबलेली असताना पोरगी त्यावर झोपून होती. (पाकिटावर तिने आपली पोचही दिली आहे. वाळत घालून मग उघडलं.) आत नाव नाही. एकच ओळ आहे, ‘नाव कागदावर ठेवायला बाळ काही मोटार नाही. मी स्वतः येऊन कानात सांगणार. २८ जुलै, डेट्रॉइटचं विमानतळ, घुगऱ्या भिजवून ठेवा.’ अक्का, पाच वर्षं मी पाठवलेले व्हिसाचे कागद तू लोणच्याच्या बरणीखाली घालत होतीस, आणि आता अशी येतेस? मी गराजमध्ये जाऊन रडलो. शनिवारी मायनर घेऊनच येतो, पुढची सीट तुझी. आता हे पत्र पोस्टात टाकण्यात अर्थ नाही आणि तुझ्या हातात देण्यात शहाणपण नाही. रविवारचं बारसं झालंच नाही असं समजू.

ता. क. तिसरा, शनिवार. वन्सं, नमस्कार. ह्यांनी हे पत्र गाडीच्या खणात लपवलं होतं. तिथलं मला सगळं सापडतं. तुमच्या उशीखाली ठेवते आहे. हे काहीही म्हणोत, झालं ते असं झालं. उद्याच्या बारशाला तीच साठ माणसं पुन्हा येताहेत, आणि आत्याच्या पाठीत धपाटे घालायला मृणालिनीकाकूंनी पहिला नंबर लावला आहे. नाव सांगताना जरा मोठ्याने सांगा. मी पाळण्याच्या पलीकडे असेन, आणि मला ते कधीपासून ऐकायचं आहे. — विनीता