साहेबांची शिकवणी

४ फेब्रुवारी

डोकं ठणकतंय. घरमालक स्वतः जिना चढून आले. "महिनाअखेर एक तर कुत्रं गप्प होईल, नाहीतर जाईल!" खालच्या काकूंनी कान भरलेत, दुसरं कोण! बाबा आतून म्हणाले, "तो गेला तर मीही त्याच्याबरोबर." आणि जातीलही. आई गेल्यापासून माझ्याशी कमी, कुत्र्याशीच जास्त बोलतात.

त्याचं नाव साहेब. बाबांनीच ठेवलं — "जन्मभर साहेबांचं ऐकलं, आता एक साहेब माझं ऐकेल." कसलं ऐकतोय!

५ फेब्रुवारी

वाचनालयातून कुत्र्यांना शिकवायची दोन पुस्तकं आणली. एक म्हणतं मारू नका, दुसरं म्हणतं लाड करू नका. वाचनालयातल्या बाई हसल्या, "नवऱ्यांसाठी असं काही आलं की कळवते हं." नवरा असता तर आधी तेच मागितलं असतं.

८ फेब्रुवारी

"बस" म्हटलं की साहेब उभे. "थांब" म्हटलं की स्वयंपाकघरात पसार. पालथ्या घड्यावर पाणी! ऑफिसात लक्ष नाही, घरी झोप नाही.

११ फेब्रुवारी

एक लक्षात आलं. तो उगाच भुंकत नाही. बाबा काठी घेऊन उठले की सुरू होतो, ते परत टेकेपर्यंत थांबत नाही. मग बाबांनाच धड्यात घेतलं! त्यांनी उठायचं, मी "गप्प" म्हणायचं, साहेब गप्प राहिला की बिस्किट. पुन्हा बसा, पुन्हा उठा. "या वयात मला कवायत?" बाबा करवादले, पण उठले. पाय लटपटत होते त्यांचे. माझं लक्ष कुत्र्याकडे.

१२ फेब्रुवारी

भुंकलाच. मी खेकसले — आधी साहेबावर, मग बाबांवर. फार लाज वाटतेय.

१७ फेब्रुवारी

जमलं!! बाबा खुर्चीपासून न्हाणीघरापर्यंत चालत गेले, साहेब मागोमाग, तोंडातून चकार शब्द नाही! मला नाचावंसं वाटलं. बाबा मात्र म्हणाले, "तो ओरडायचा तर बरं वाटायचं गं." म्हटलं, "बाबा, तो राहायला हवाय ना घरात?"

२० फेब्रुवारी

काकू जिन्यात भेटल्या. "गुणी झाला हो तुमचा! आहे की नाही तेच कळत नाही." घरमालकांनाही सांगितलं म्हणे. म्हणजे साहेब राहणार! तरी जिवाला चैन नाही. ऑफिसातून दोनदा घरी फोन केला. बाबा वैतागले, "सारखं काय उठवतेस?"

२३ फेब्रुवारी

बाबा न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलंय. दुपारपासून तसेच होते, मी संध्याकाळी पोचेपर्यंत. त्यांचा आवाज तो केवढा, दाराबाहेरही गेला नसेल. काकू दिवसभर खाली घरातच होत्या. "एरवी कुत्रं भुंकलं की कळायचं हो," म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

साहेब बाबांना चिकटून बसला होता. मला बघून बाबा आधी एवढंच म्हणाले, "त्याला रागावू नकोस. तू शिकवलंस तसाच वागला तो."