गाभण घोडी आणि माझी सावली

बाबा, आपली घोडी पहिल्यांदा गाभण होती, तेव्हाचं बोलायचं आहे. तुम्ही होता तोवर तुम्ही बोलायचात आणि मी ऐकायची. आता तुम्ही ऐका.

नवरा गेल्यावर मी इंझोरीला तुमच्या घरी परत आले. शेण काढायला, कडबा तोडायला माझे हात चालत होते. पण घोडीचे दिवस भरत आले, तशी तुम्ही मला गोठा बंद केला. विधवेची सावली गाभण जनावरावर पडू नये म्हणे. मी उंबऱ्याबाहेरून वैरण सरकवायची. तिथूनच मला दिसलं, व्यायला अजून अवकाश आहे आणि तिच्या सडांतून दूध ठिबकतं आहे. मागचे पाय चिकट, पांढरे झालेले.

"बाबा, घोडीचा चीक गयून राह्यला. आताच सरला त शिंगरू काय पिईन? वाशीमच्या गुरांच्या डॉक्टरले बलावा."

शेजारचे काका बाजेवर बसले होते. ते हसले. "अवं पोरी, आताच इतकं दूध, शिंगरू पहिलवान होईन!" तुम्हीही हसलात. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "तुले कायले पंचायत? तुही नजर लागली म्हणूनच गयते ते. हो मांगं."

मी मागे झाले. शिंगरू दिवस भरण्याआधीच आलं. धडपडत उभं राहिलं, सडाला तोंड लावलं, तर चीक आधीच सरलेला, नुसतं पाणचट दूध. काही दिवसांत त्याचे सांधे सुजले, त्यानं मान टाकली. अजून दिसतं, घोडी त्याला नाकानं ढकलून उठवते आहे, आणि अंगणात जमलेल्या माणसांना तुम्ही मोठ्यानं सांगता आहात, "घरात पांढरं कपाळ असल्यावर दुसरं काय होईन?"

बाबा, आई तर त्याच्या कितीतरी आधी गेली होती. जोडीदार गेलेले तुम्हीही. तुम्ही रोज त्या घोडीला खरारा करत होता, तुमची सावली रोज तिच्या पोटावर पडत होती. त्या सावलीला कुणी उंबऱ्याबाहेर उभं केलं?

किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरची अक्षरं जुळवत मी वाचायला-लिहायला शिकले. मग मिळेल ती पोथी वाचली. तुमचा तो नियम कुठेच सापडला नाही.

त्याच घोडीची लेक आता गाभण आहे. गोठ्यात जायला माझ्याशिवाय कुणी नाही. रोज सकाळी तिचे सड बघते. अजून कोरडे आहेत.

हे लिहिलेलं कुठे धाडायचं नाही, म्हणून सांगते. सकाळचं ऊन पाठीवर येतं, तेव्हा दारातून मी जरा तिरकीच आत शिरते, सावली भिंतीवर पडेल अशी. विश्वास नाही माझा. तरी शिरते.