दुसरी ओवी

मांडवगण फराटा
बुधवार, ता. १५ मार्च १९७८

चि. ललितास आजीचे आशीर्वाद.

आजी म्हणजे आक्काबाई, तुझ्या आईची आई. ओळख सांगितलेली बरी, कारण दोन महिने तुझं कार्ड नाही. लहानपणी तू शाळेत जाताना दप्तर विसरायचीस, आता आजी विसरलीस. दप्तर घेऊन मी मागनं पळत तरी यायची. आजीला आता कोण आणून देणार?

इकडे सगळं ठीक. गहू काढायला आला आहे. म्हैस व्याली, पण रेडा झाला म्हणून तुझी सरूमामी म्हशीवर रुसली आहे. म्हशीला त्याचं काही नाही.

अक्षर मामाचं नाही हे तू ओळखलंच असशील. शेजारची नूरबी लिहिते आहे. सातवी पास आहे. मी ‘हाय’ म्हणते, ती ‘आहे’ लिहिते; मास्तरांचा मार वाया जायला नको म्हणते. मामी बाहेरच्या दारात बसली आहे, म्हणून मी हळू सांगते आहे. तिच्या समजुतीनं नूरबी गोधडी शिवते आहे. संक्रांतीपासून ही चौथी. मामी म्हणाली, “आत्याबाई, एवढ्या गोधड्या कशाला? हिमालयात निघालाय व्हय?” म्हटलं, “उंबऱ्याभाईर सोडलं तर जाते की.”

उंबऱ्याबाहेर सोडत नाहीत, हे बोलता बोलता निघून गेलं. नूरबी, लिहिलंस का गं? लिहिलं म्हणते. असू दे मग.

शिरूरच्या कार्यक्रमापासनं हे असं आहे. तू तिथं स्टेजवर टेपच्या मशीनजवळ होतीस, मी खाली बायकांत. विद्यापीठातला तुमचा विभाग आपल्या घोड-भीमेच्या काठच्या मुलखाची बोली आणि गाणी गोळा करतो, त्याला देणग्या हव्या होत्या. तुझ्या मामानं पाचशे एक जाहीर केले. मेच्या महिन्यात बाजार समितीची निवडणूक आहे, त्याला गळ्यात हार हवाच होता. छाती काढून म्हणाला, “आपल्या मुलखाचं बोल जपलं पायजेत, मग काय बी होवो.” तुमच्या मॅडम भल्या बाई. त्यांना वाटलं, देणगीदाराचा मान करावा. म्हणाल्या, फितीवर भरलेल्या शंकररावांच्या मातोश्रींच्याच ओव्या ऐकू.

पहिल्या चार ओव्यांना मामा मान डोलवत होता. जात्यावर भावाला कुणी नावं ठेवत नाही, ललिता. सासूला शिव्या घालाव्यात, नणंदेला घालाव्यात, नवऱ्याला आडून घालाव्यात. पण भाऊ म्हणजे राजाच. त्याची चोळी, त्याचा टांगा, त्याची दिवाळी. सगळ्या मुलखात हीच रीत. आणि मग माझी ती निघाली:

जात्या रं दगडा, तुला सांगते कानात
भावानं गाडी जुंपली, बहीण रडं मनात

मामानं उठून वायर उपटली. लोकांना सांगितलं, लाईट गेली. डोक्यावर बल्ब जळत होता.

आता तो येत्या सोमवारी पाच हजार घेऊन तुमच्या विभागात येणार आहे. पैसे द्यायचे आणि फीत घ्यायची. पैशावाचून पुढच्या गावांना जाता येत नाही, असं मॅडम स्टेजवर बोलल्या, ते त्यानं बरोबर धरून ठेवलं. तुझी नोकरीही देणग्यांवरच चालते, हे त्यानं मला दोनदा सांगितलं. दोनदा का, ते मला कळलं.

त्याच्याजवळ एक कागद आहे. आईला भ्रम झाला, वेडंवाकडं गायली, फीत परत द्यावी, असं त्यात आहे. खाली अंगठा माझा आहे. रविवारी दिला. दरडावलं असतं तर दिला नसता. त्यानं पाय धरले. मिशा पिकल्या आहेत आणि लेकरागत रडला. “आई, म्या मेल्यावर बी लोक ह्येच म्हनतील.” एक लेक घालवली आणि ल्योक समोर रडत होता. शाईत बोट कवा बुडवलं कळलं नाही.

पण पहिला अंगठाही माझाच होता. तुम्ही हिवाळ्यात गाणी भरून घेतलीत, तेव्हा मॅडमनी कागद वाचून दाखवला होता, गाणी विद्यापीठाला दान दिली म्हणून. तो मी खुशीनं दिला होता. आमच्यात गाय दान दिली तर तिचं दावंसुद्धा परत आणत नाहीत.

मामा म्हणतो, ओवी चुकून निघाली. तूही तेच धरून बसली असशील. चुकून नाही निघाली. गिरणी आल्यापासनं जातं कोपऱ्यात पडलं होतं. तुमच्यासाठी परत मांडलं, ते फिरायला लागलं, तू मान खाली घालून बटणं बघत होतीस. वाटलं, हिच्या तोंडावर मला जन्मात सांगता यायचं नाही. मशीनला सांगावं.

तुझी आई चांगुणा सासरी वरवंडला आडात पाय घसरून पडली, असं आम्ही तुला सांगत आलो. तिथनं ती तीनदा पळून आली होती. तिसऱ्यांदा तुला कडेवर घेऊन आली, पाठीवर वळ घेऊन आली. मामानं तिला परत नेऊन घातलं. आठव्या दिवशी निरोप आला.

इथवरचं शिरूरनं ऐकलं समज. पुढची ओवी वायर उपटल्यावर फितीतच राहिली, ती तिथं कुणी ऐकली नाही. तू मात्र ऐकली असशील आणि म्हणूनच कार्ड बंद केलंस, असं मला वाटतं. विसरण्याबिसरण्याचं मी उगाच बोलले.

गाडीच्या चाकाला वंगण कुणी घातलं
जा गं बाई नांदाया, आईनंच म्हटलं

वंगण मीच घातलं. चाक कुरकुरत होतं. गावाला ऐकू जायला नको, म्हणून घातलं. मामा नुसता हाकत होता.

नूरबी थांबली आहे. लिही बाई, लिही.

फीत ठेव, असं मी म्हणत नाही. मामानं तुला शिकवलं हे खरं, आणि इतक्या वर्षांत तुझ्या डोळ्यांत बघून एकदा बोलला नाही, हेही खरं. तोही त्या दिवसातच अडकला आहे, माझ्यासारखा. फीत परत आली तर तो सुटेल. त्याच्याबरोबर मी पण दोषातून सुटेन. ते मला नको आहे. लिहिता मला येत नाही. हा कागदसुद्धा नूरबीच्या हातचा. ती फीत तेवढी माझ्या तोंडची आहे.

उत्तर लिहू नकोस, मामा मोठ्यानं वाचतो. नूरबीचा भाऊ मेहमूद शिरूर डेपोत कंडक्टर आहे, तोच हे पत्र घेऊन येतो आहे. त्याच्या हाती खाऊ धाड. मामी पुडा उघडेल, पण खाऊ तिला वाचता येत नाही. फीत ठेवलीस तर नानकटाई. दिलीस तर फुटाणे. पेढे नकोत, कशाचे म्हणून सगळे विचारत बसतील.

तुझ्या आईला गाडीत बसवणारी, तुझी आजी
आक्काबाई

ता. क. या पत्रावर अंगठा दिलेला नाही. एवढ्यात माझ्या अंगठ्याचं काही खरं नाही. आणि फुटाणे धाडलेस तर कुटून धाड. दात राहिले नाहीत, पण तू धाडलेलं मी खाईन.