तो भांग, ती भांग

१ जानेवारी २००१, सोमवार

सुरेश साहेबांनी डायरी दिली. साहेब पुण्याचे, इथं फुजैरा पोर्टच्या टर्मिनलवर इंजिनियर, दर महिन्याला आमच्या सलूनमध्ये कटिंगला येतात. म्हणाले, यल्लाप्पा, रोज चार ओळी लिहीत जा, डोकं ताळ्यावर राहील. माझं डोकं ताळ्यावरच आहे. पण फुकट मिळाली म्हणून घेतली. बाइंडिंग चांगलं आहे.

संकल्प. इंग्लिश शिकणार. तंबाखू बंद (उद्यापासून, आज पुडी उघडी आहे). आणि आमचा मालक खैरुद्दीन चाचा शारजाला, अल नहदात, दुसरी ब्रँच काढतोय, तिथला इनचार्ज होणार. शेवटचं तर झाल्यातच जमा. दुकानात कारागीर दोघंच, मी आणि पाकिस्तानचा तय्यब. तय्यब दिवसभर तोंड उघडत नाही. इनचार्जला बोलता आलं पाहिजे.

सुगंधाच्या वडिलांनी आईला स्वच्छ सांगितलंय. मुलगा इनचार्ज झाला की सुपारी फोडू. नुसते कारागीर त्यांच्या गल्लीतच तीन आहेत म्हणे.

३ जानेवारी

फुजैरात माझ्या नावाची लई चलती आहे. बसवाला, भाजीवाला, पोलीस, जो तो यल्ला यल्ला करत असतो. गावाकडं मला हाक मारायला कुणाला वेळ नव्हता. तय्यब म्हणतो, अरबीत यल्ला म्हणजे चल, हो पुढं. महिन्यातनं एकदा बोलतो आणि ते पण असलं. जळतो.

तंबाखू : उद्यापासून.

१८ जानेवारी, गुरुवार

आज हॉलंडचा एक खलाशी आला. जहाज तेल भरायला लागलंय. केस खांद्यापर्यंत. मी इंग्लिशमध्ये विचारलं, युवर व्हिलेज, व्हॉट फेमस? तो म्हणाला, कॉफी शॉप. मी म्हटलं, कॉफी शॉप हिअर ऑल्सो. तो हसला, दोन बोटं तोंडाला लावून झुरका मारला आणि डोळे मिटले. कॉफीच्या दुकानात गांजा! बिलासकट! मी म्हटलं, पोलीस? तो म्हणाला, नो प्रॉब्लेम. सगळं संभाषण समजलं. पहिला संकल्प पूर्ण.

लगेच चाचाला सांगितलं. त्याच्या हातातला चहा गल्ल्यावर सांडला. उठून आधी दार लावलं. म्हणाला, अरे बाबा, या मुलखात तो शब्द तोंडातून काढायचा नाही. वर्षानुवर्षं आत बसवतात. तू जाशील तो जाशील, माझं लायसन घेऊन जाशील. रत्नागिरीला हव्वाबीला मी काय तोंड दाखवू? (हव्वाबी म्हणजे चाची.)

चाचा चांगला माणूस आहे. पण मोठा विचार नाही.

२३ जानेवारी

विचार करतोय. झोप नाही. हॉलंडात झालं म्हणजे आपल्याकडं दोनतीन वर्षांत येणारच. रंगीत टीव्ही पण तसाच आला. एकदा सरकारनं लीगल केलं की पहिली उडी ज्याची, तो शेठ. आमचा रस्त्याकडंचा तुकडा नुसता ज्वारी खातोय. तिथं लावायचा. ट्रक लागायलाही बरं.

समाजाचा पण फायदा. आमच्या गावात भांडणं फार. सगळं गाव झुरके मारून निवांत बसलं तर बांध कोण कोरणार? ग्रामपंचायतीची मीटिंग पाच मिनिटांत. वर, ओढल्यावर भूक लागते, म्हणजे भजीवाल्याचा धंदा डबल. एका रोपावर अख्खी बाजारपेठ उभी राहते. हे अजून कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही?

२ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं! शब्द सापडला!

दादाशी फोनवर बोलायचं तर तो शब्द नको. दुसरा पाहिजे. आज कस्टमरचे केस विंचरताना डोक्यात लख्ख उजेड पडला. भांग! मी सलूनवाला. मी दिवसभर भांग पाडतो. मी भांग म्हटलं तर कोण संशय घेणार? फक्त एक काळजी. पितात ती भांग, डोक्यावर पाडतात तो भांग. म्हणून कायम ‘तो’ म्हणायचं. पक्का बंदोबस्त. सीआयडी आला तरी हात चोळत परत जाईल.

संध्याकाळी कार्ड घालून गावाकडं पाटलांच्या दुकानात फोन लावला, दादाला बोलावून घेतलं. म्हटलं, दादा, रस्त्याकडंचा तुकडा मोकळा कर, तिथं भांग करायचा.  दादा म्हणाला, भांग? म्हटलं, भांगच. पुढं भांगाला लई दिवस येणार. दादानं विचारलं, खर्च? म्हटलं, मी पाठवतो. दादा म्हणाला, माणूस लागेल. म्हटलं, हात बसलेला बघ, नवशिका नको. दादा म्हणाला, शेडनं भागेल का पक्कं बांधू? शेडमध्ये वाळवायचं त्याच्या लगेच ध्यानात आलं. आमचा दादा सातवी नापास, पण इशारा कळतो.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

सुरेश साहेब मुलाला घेऊन आले. वेदांग, वय नऊ, मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्ये बोलतो. कटिंग करता करता साहेबांना हळूच विचारलं, समजा एखादं झाड आज बेकायदा आहे आणि उद्या लीगल झालं, तर लावणाऱ्याचं काय?

साहेब हुशार. लगेच ओळखलं. हळू आवाजात म्हणाले, हॉलंडमध्येही कायद्यानं सरळ परवानगी नाही, नियम घालून डोळेझाक करतात. मनात म्हटलं, डोळेझाक आमच्या तलाठ्यालाही जमते. साहेब पुढं म्हणाले, बेकायदा मालाला भाव असतो तो भीतीचा असतो. भीती गेली की भाव पडला. मग टॅक्स येतो, लायसन येतं, मोठ्या कंपन्या येतात. तुझ्या तुकड्याला कोण विचारतंय? फायदा झालाच तर सरकारचा, आणि पोरांना धरून आत टाकायचं थांबलं तर त्यांच्या आईबापांचा. पण नादाला लागणारे असतीलच, त्यांचं कोण बघणार? आणि यल्लाप्पा, तू जिथं उभा आहेस तिथं हे बोलू पण नकोस.

खरं म्हणजे आमच्या गावात हे झालंय. सरकारमान्य देशी दारूचं दुकान आलं तेव्हा सगळ्यात जास्त रडला तो हातभट्टीवाला. पण त्याच्याकडं प्लॅनिंग नव्हतं. साहेबांना शेतीतलं कळत नाही.

वेदांग म्हणाला, डॅड, ही इज टॉकिंग अगेन अँड माय इअर इज ब्लीडिंग. थोडंसंच होतं. तुरटी लावली.

२० फेब्रुवारी

एक वाईट विचार आला. चिलीमवाले साधू बघितलेत. केस कापतात का? नाही. तो खलाशी पण नुसती टोकं छाटून गेला. म्हणजे लीगल झालं की सलूनचा धंदा बसला! चाचाला सावध करणं माझं कर्तव्य. म्हटलं, चाचा, नहदाच्या ब्रँचचा फेरविचार करा, पुढं लोक केस वाढवणार आहेत. चाचा म्हणाला, नहदात फॅमिली राहतात, शाळेचे मास्तर केस वाढवू देत नाहीत. मग माझ्याकडं बराच वेळ बघत बसला. इनचार्जच्या नजरेनं बघत असावा.

५ मार्च

शब्दाचा सराव चालू. आधी मी कस्टमरला हिंदीत विचारायचो, मांग किधर? आता विचारतो, भांग किधर? रोज ऐकून लोकांना सवय झाली की शब्दाचं विष जाईल. एक बिहारी ड्रायव्हर दचकला, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाला, मिलती है क्या? म्हटलं, मिलती नहीं, निकालता हूँ. तो म्हणाला, खुद निकालते हो? म्हटलं, दस साल से. त्यानं माझा हात हातात घेतला. इतका मान पहिल्यांदाच मिळाला.

७ मार्च, बुधवार

चाचा नहदाला रंगकाम बघायला गेला, शनिवारी येणार. दुकान माझ्यावर सोपवून. ही ट्रायल आहे, न सांगता कळतं. तय्यबला काहीच सोपवलेलं नाही.

इनचार्ज म्हणजे काहीतरी नवीन करणारा. शुक्रवारी सुट्टी, होळी पण आहे. काचेवर पुठ्ठा लावला, हिंदीत, माझ्या अक्षरात : होली स्पेशल. हर कटिंग के साथ भांग फ्री.

तय्यबला हिंदी वाचता येत नाही. काय लिहिलंय म्हणून त्यानं विचारलंच नाही. जळतो.

९ मार्च, शुक्रवार

मार्केटिंग म्हणजे काय ते आज फुजैराला कळलं. नमाजानंतर लाइन लागली, भाजीवाल्याच्या दुकानापर्यंत. सगळे यूपी-बिहारचे, लेबर कॅम्पवरून टॅक्सी करून आलेले. टकलेही होते. एका टकल्यानं कटिंग कर म्हणून हट्ट धरला.

कटिंग झाल्यावर मात्र कुणी उठेना. म्हणायचे, फ्री वाला? मी आरसा दाखवून म्हणायचो, दे दिया ना, देखो, कितना सीधा. ते डोळा मारायचे आणि बाकावर जाऊन बसायचे. बाक भरला. एकजण ग्लास घेऊन आला होता. मी पाणी दिलं. तो ते पाणी चवीचवीनं प्याला आणि म्हणाला, चढ रही है.

भाजीवाला गाडी लावून टरबुजं विकायला लागला. सगळी खपली. बरोबर म्हणालो होतो की नाही, एका रोपावर अख्खी बाजारपेठ. इथं तर रोप पण नव्हतं.

१० मार्च, शनिवार

लिहिता येत नाही. उद्या लिहीन.

११ मार्च, रविवार

काल सकाळी दोन पोलीस आले. त्यातल्या मोठ्या अधिकाऱ्यानं पुठ्ठ्याकडं बोट करून शुद्ध हिंदीत विचारलं, ये क्या फ्री है? इथल्या अरबांना हिंदी येतं हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. म्हटलं, भांग. म्हणाला, किसने रखी है? म्हटलं, सर, रखी नहीं, रखा. मेरे हाथ में है.

दुकान उलटंपालटं केलं. पावडरचा डबा दोघांनी हुंगला. मग मेंदीचं पाकीट सापडलं. हिरवी, वाटलेली. मी देवाचं नाव घेतलं. पण अधिकाऱ्याच्या दाढीला पण मेंदीच होती, त्यानं वास घेऊन परत ठेवलं.

पोलीस स्टेशनात बाटली दिली, आत जाऊन भरून आण म्हणाले. मी भरली. एवढी भीती वाटत होती की तीन भरल्या असत्या.

चाचा नहदाहून धावत आला, सुरेश साहेबांना घेऊन. साहेबांनी समजावलं, सर, इनकी भाषा में दो भांग हैं. पीनेवाली भांग फीमेल है, ये जो बनाता है वो मेल है. अधिकाऱ्यानं शांतपणे कागदावर लिहून घेतलं, माल दो प्रकार का. आणि विचारलं, मेल कहाँ छुपाया है?

साहेब इंजिनियर असून डोकं धरून बसले. मग चाचानं टोपी काढली. डोक्यावर मोजून चार केस. टेबलावर वाकला, खिशातला कंगवा घेतला, चार केसांचे दोन इकडं, दोन तिकडं केले. म्हणाला, साहब, ये भांग. हमारी मराठी में इसको बोलते हैं. बस इतना ही है मेरे पास.

 अधिकारी हसायला लागला, टेबल हलेपर्यंत हसला. मराठी, मराठी करत दुसऱ्या खोलीतल्यांना बोलावून चाचाचं डोकं दाखवलं. चाचा माझ्यासाठी वाकून उभा होता. मला एकदम रडू आलं.

बाटली पण स्वच्छ निघाली. सुटताना अधिकारी हसून म्हणाला, यल्ला, खलास. नावानिशी ओळख झाली.

 गाडीत चाचाच्या हातात कंगवा तसाच होता.

१५ मार्च

चाचानं निकाल दिला. नहदाचा इनचार्ज तय्यब. म्हटलं, चाचा, तो तर बोलतच नाही. चाचा म्हणाला, म्हणूनच.

मला काढलेलं नाही. इथंच राहायचं, त्याच्या डोळ्यांसमोर.

ठीक आहे. नहदा म्हणजे नुसती रहदारी. आणि मला नोकरीचं कौतुक नाही, माझा तुकडा आहे. सुगंधाच्या वडिलांना शेठ जावई मिळेल. हॉलंडाकडं लक्ष ठेवून आहे.

तंबाखू : ताण आहे, पुढच्या महिन्यात.

२० एप्रिल, शुक्रवार

दादाला फोन. खूश होता. म्हणाला, आलास की बघ, रस्त्याकडं कसा उभा राहिलाय. म्हटलं, किती वाढला? दादा म्हणाला, दोन खुर्च्या झाल्या, तिसरी घालायची आहे. मी म्हटलं, खुर्च्या कशाला? दादा म्हणाला, मग लोकं उभ्यानं दाढी करणार काय?

सलून काढलंय. पत्र्याची शेड, मोठा आरसा, वर पाटी. यल्लाप्पा जेंट्स पार्लर, दुबई रिटर्न.

मी म्हटलं, दादा, मी भांग म्हणालो होतो. दादा म्हणाला, मग? तो भांग म्हणालास, तो भांग केला. ती म्हणाला असतास तर मी फोन आपटला असता आणि तिथं येऊन तुला बडवलं असतं.

म्हटलं, चालवतं कोण? दादा म्हणाला, तूच म्हणालास ना, हात बसलेला माणूस बघ. सुगंधाच्या गल्लीतला एक घेतला, मधू. पोरगा गरीब आहे, कमी बोलतो. भांग असा पाडतो, दोरी धरल्यासारखा. त्याला इनचार्ज केलं.

मग आईनं फोन घेतला. इकडचं तिकडचं विचारलं. जेवतोस का, ऊन किती. शेवटी म्हणाली, सुगंधाची सुपारी फुटली. मी विचारलं नाही कुणाशी. तरी तिनं सांगितलं. म्हणाली, त्यांना इनचार्ज पाहिजे होता रे.

कार्ड संपलं.

तय्यब नहदाहून सामान न्यायला आला होता. दुकानात कस्टमर नव्हता. मी खुर्चीत बसलो, म्हटलं, माझी कटिंग कर. त्यानं कापड बांधलं, केस ओले केले, कंगवा हातात घेतला आणि विचारलं, मांग किधर?

म्हटलं, झीरो मार.