‘झालं’ म्हणेपर्यंत

९ मार्च, रविवार

प्रिय ठमे,

तलावावर गेलो त्या सकाळी मी उकडलेली अंडी थंड पाण्यात टाकली, दोन बाटल्या भरल्या, पावाला लोणी लावून कागदात गुंडाळलं. तुझे बाबा टेबलावर कॅमेऱ्याची भिंगं मांडून बसले होते. मला टेबल पुसायचं होतं. मी फडकं घेऊन उभी, आणि ते म्हणतात, “धूळ उडवू नकोस, दोन मिनिटं थांब.” त्यांची दोन मिनिटं तुला ठाऊकच आहेत. निघताना म्हणाले, “आज स्टँड तू घे. खांदा भरून आलाय.” मी म्हणाले, “छंद तुमचा आणि हमाली माझी!” यावर ते नेहमी हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत.

खुशाली आधी लिहायची असते, पण पेन उचललं आणि हेच आलं. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो. वाचनालयातल्या बाई मोठ्या अक्षरांची पुस्तकं माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात. सातवीत शाळा सुटलेल्या बाईचा याहून मोठा मान तो काय.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. सहा वर्षांत तू पहिल्यांदा चार ओळींच्या वर लिहिलंस, आणि शेवटी विचारलंस, “आई, बाबांची मान खाली गेलेली मला दिसली होती. मग मी हलले का नाही? बोलले का नाही?” आत्या म्हणते तेच खरं असावं, असंही लिहिलंस. आत्याचं म्हणणं सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे: पोरगी नोकरीवर जायच्या आधी एकदा तलावावर जायचं म्हणून हटून बसली, आजारी बापाला चढ चढायला लावला, आणि तो पडला तेव्हा बाहुलीसारखी उभी राहिली.

चढाचं आधी सांगते. जायचं त्यांनीच ठरवलं होतं. महिनाभर आधी रोल आणून ठेवला होता. तू फक्त ‘हो’ म्हणालीस.

आता उभं राहण्याचं. हे पत्र तू कुणाला दाखवलंस तर त्याला आपल्या घरचा नियम कळायचा नाही, म्हणून लिहिते. कॅमेरा स्टँडवर चढला की बाबा ‘झालं’ म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, नाक खाजवायचं नाही. उन्हात नीट दिसावं म्हणून ते डोक्यावरून जाकीट ओढून घ्यायचे आणि ढग सरकायची वाट बघायचे. एकदा बगळा उडेना म्हणून आपण पाऊण तास उभ्या होतो. एकदा मी पायावरची मुंगी झटकली, तर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आपण त्याची चेष्टा करायचो, पण नियम पाळायचो.

त्या दिवशी स्टँड बुटका लावला होता. ते गुडघ्यांवर बसले होते, डोक्यावर जाकीट, बटणाची वायर मुठीत. आपण दोघी पाण्याकडे पाठ करून खडकावर. वारा इतका की कानात दुसरं काही शिरत नव्हतं. मी स्टँड वाहून वैतागले होते, तरी तोंडावर हसू होतं. मग जाकीट पुढे झुकलं आणि खडकाला टेकलं.

ठमे, तू बोलली होतीस. तू म्हणालीस, “आई, बाबांना बघ, काहीतरी झालंय.” आणि एक पाऊल पुढे टाकलंस. मी तुझं मनगट धरलं आणि ओठ न हलवता म्हणाले, “हलू नकोस. पुन्हा पहिल्यापासून उभं करतील.” तू पुन्हा म्हणालीस. मी बोटं आवळली. मनात म्हटलं, बसू देत ओणवे, मीही स्टँड वाहिलाय.

किती वेळ ते मला माहीत आहे. एक ढग पूर्ण सरकला आणि ऊन पडलं. उन्हात ‘झालं’ आलं नाही, तेव्हा मी तुझा हात सोडला. चार मिनिटं, कदाचित पाच.

डॉक्टरांनी विचारलं, “पडल्यावर किती वेळानं पोचलात?” मी म्हणाले, “लगेच.” तू शेजारी उभी होतीस, तुझे दात वाजत होते. पुढे मी वाचनालयातून हृदयावरचं पुस्तक आणलं. त्यात अशा पाच मिनिटांबद्दल एक पान आहे. ते इथे उतरवत नाही.

तेराव्या दिवशी आत्या सगळ्यांसमोर बोलली तेव्हा मी ताटं पुसत होते. पुसत राहिले. तू माझ्याकडे बघत होतीस, तेही मला दिसलं. मी बोलले असते तर ते सगळं माझ्यावर आलं असतं, आणि तेव्हा मला वाटलं की तू तरुण आहेस, विसरशील. तू विसरलीस, पण भलतंच. तू बोलली होतीस एवढंच विसरलीस.

कॅमेऱ्यात रोल होता. आत्यानं मागितला, मी “नव्हताच” म्हणून सांगितलं आणि शिवणाच्या डब्यात लपवला. तुझं पत्र आल्यावर तो फोटोवाल्याकडे नेला. तो म्हणाला, “काकू, रोल जुना झालाय, रंग उतरलेत. आणि शेवटचा तर हललाय. तो नको ना काढू?”

“तोच मोठा करून द्या,” मी म्हणाले.

खाली गेल्यावर कधीतरी त्यांच्या मुठीत वायर दाबली गेली असणार. पत्रासोबत तो फोटो ठेवते आहे, नीट बघ. मी अगदी स्पष्ट आले आहे, हसतमुख, एकही केस हललेला नाही. तुझा चेहरा पुसट आहे, कारण तू वळली आहेस. तोंड उघडं आहे. एक पाय पुढे आहे. आणि तुझ्या मनगटावर माझा हात आहे.

मला माफ कर असं लिहिणार नाही. ते मागून मिळायची गोष्ट नाही. तू विचारलंस, त्याचं उत्तर एवढंच.

१० मार्च, सोमवार

काल पत्र बंद केलं नाही, कारण नुसतं तुलाच सांगणं म्हणजे पुन्हा लपवणंच झालं असतं.

आज सकाळी आत्याकडे गेले. ती शेजारच्या दोघींबरोबर वाटाणे सोलत बसली होती. मी म्हणाले, “वन्सं, पोरीनं सांगितलं होतं. ती निघालीही होती. मीच तिला धरून ठेवलं.”

“सहा वर्षांनी हे काय उकरून काढतेस?”

“उकरत नाही. तुम्ही तिचं नाव घेता, तिथे यापुढे माझं घ्या.”

मी फोटो तिच्यापुढे धरला. तिनं चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं. भावाचं शेवटचं काम, तिला हात लावावासा वाटला असेल. तिनं लावला नाही. मग म्हणाली, “ऊठ माझ्या घरातून.”

मी उठले आणि घरी आले.

तुझी,
तुला धरून ठेवणारी,
आई