नमुन्याचा वाढदिवस

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे साष्टांग फक्त कागदावर.) वहिनीचा गुडघा काय म्हणतो? तुझा खोकला गेला, की अजून शेजाऱ्यांना जागवतोस? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. म्हणजे आमचे हे कपाळाला हात लावून बसलेत, भिंगरी माझ्याशी बोलत नाही, आणि मी हे पत्र लिहायला घेतलंय. दादा, तुझ्याशिवाय माझं ऐकून घेणारं आहे तरी कोण?

तर झालं असं. येत्या रविवारी तुझी भाची भिंगरी नऊ वर्षांची होते. तारीख तुझ्या लक्षात असेलच (नसली तर आता आली). तुझे मेहुणे पंपाच्या कारखान्यात खरेदी विभागात आहेत आणि तिथे त्यांना सगळे कोटेशनराव म्हणतात, हे तुला ठाऊक आहे. तीन ठिकाणचे भाव मागवल्याशिवाय हा माणूस साधा खिळा घेत नाही. गेल्या वर्षी माझी दाढ दुखायला लागली, तर मी स्वतः दाताच्या दवाखान्यात कामाला असताना यांनी आणखी दोन डॉक्टरांचे भाव काढून आणले. तोवर माझा गाल भोपळ्याएवढा झाला होता. लग्नाआधीही यांनी तीन मुली पाहिल्या होत्या. त्यात मी कितवी बसले ते अजून सांगत नाहीत.

असो. महिन्याभरापूर्वी हे जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले आणि जाहीर केलं की वाढदिवसाला दहा हजार, त्यावर एक पैसा नाही. केक, फुगे, जादूगार, सगळं त्यात. इथवर ठीक होतं. पण बोलण्याच्या भरात यांची जीभ सैल सुटली आणि म्हणाले, उरतील ते भिंगरीच्या सायकलीला. आता त्या लाल सायकलीवर पोरीचा दोन वर्षं डोळा आहे. शाळेतून येताना दुकानाच्या काचेला नाक लावून उभी राहते, इतकी की काच पुसणाऱ्याने एकदा माझ्याकडे तक्रार केली. यांचा हिशेब असा की आजवर कुठल्या बजेटमधून काही उरलंय, ते आता उरेल? पण पोरगी कोणाची आहे, याचा यांना विसर पडला.

त्या दिवसापासून भिंगरी यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसायला लागली. आधी पाहुण्यांवर कात्री चालवली. भेट म्हणून दरवर्षी कंपासपेटी देणारे सगळे उडाले. तुझंही नाव कापलं होतं हो! मामा दोन माणसांचं खातो, असं कारण दिलं. मी नाव कापायला विरोध केला. कारणाला करता येईना.

मग यांनी कारखान्याची रीत घरात आणली. ऑर्डर देण्याआधी नमुना बघायचा, आणि तो फुकट मागायचा. तीन केकवाले, एक फुगेवाला आणि एक जादूगार, सगळ्यांना गेल्या रविवारी चार वाजता एकदमच बोलावलं, म्हणजे तुलना बरी पडते. आठवण करून द्यायचे फोन करायचं काम भिंगरीने आपणहून घेतलं. (तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.) तिने प्रत्येकाला अगदी बापाच्या ऑफिसातल्या आवाजात सांगितलं की तपासणी समिती पंधरा जणांची आहे, नमुना सगळ्यांना पुरला पाहिजे.

रविवारी चार वाजता समिती आली. सगळी आमच्याच इमारतीतली पोरं, नवे कपडे घालून, तेल लावून भांग पाडलेली, आणि हातात भेटी! तीन केक आले, तीनही अख्खे. फुगेवाल्याने दारावर कमान उभारली. जादूगाराने नमुना म्हणून यांच्या कानातून अंडं काढलं, तर समितीने टाळ्या वाजवून आणखी सहा नमुने मागितले. मेणबत्त्या कशा विझतात तेही तपासून झालं. आणि आमचे हे? हातात तक्ता घेऊन, चव, मऊपणा आणि वेळेवर येणं यांना गुण देत हॉलभर फिरत होते! आपल्या घरात आपल्याच पोरीचा वाढदिवस उरकला जातोय, याचा या माणसाला पत्ता नव्हता. मला हसू आवरेना म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला.

सगळे गेल्यावर भिंगरीने बापासमोर हात पसरला. वाढदिवस झाला, खर्च शून्य, आता दहा हजार द्या. यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. रागवावं तर सगळं यांच्याच नियमाने झालेलं. मग मला म्हणाले, पोरीला आपल्याच खात्यात चिकटवलं पाहिजे.

इथेच थांबलं असतं तर सायकल आज दारात असती. पण दादा, त्या तीन केकवाल्यांत एक निवृत्त शिक्षिका होत्या. घरीच केक करतात. तीन जिने चढून, डबा छातीशी धरून आलेल्या. निघताना मला हळूच म्हणाल्या, ऑर्डर मिळाली तर बरं होईल हो, अजून जम बसत नाहीये. ते ऐकून मी माझ्या ताटलीतला केक तसाच ठेवला. पोरांनी ताटल्या चाटूनपुसून ठेवलेल्या, आणि आम्ही त्याला नमुना म्हणायचं? मी यांना ठणकावून सांगितलं, पाचही जणांचे पुरे पैसे द्यायचे. यांनी चपला घातल्या आणि देऊन आले. त्या दिवशी मला हे फार आवडले, पण त्यांना सांगू नकोस, डोक्यावर बसतील.

भिंगरी मात्र रडली. डाव फसल्याचं रडणं नव्हतं ते, दादा. उशीत तोंड खुपसून, आवाज न करता रडली. मला फार वाईट वाटलं. बरोबर वागले मी, पण भुर्दंड पडला तिला. उरलेल्या पैशांत सायकलची घंटी आली. नुसती घंटी. ती हातात धरून पोरगी घरभर फिरते आणि मी वाटेत आले की माझ्या तोंडासमोर वाजवते. बोलणं बंदच आहे.

तू तब्येतीला जप. वहिनीला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझी,
दाराला कान लावून घंटी ऐकणारी बहीण

ता. क. पैशांसाठी हे पत्र लिहिलंय असं मनातही आणू नकोस. तुझ्याकडून एक पैसा नको. फक्त सायकल.

ता. क. दुसरा. पत्र लिहिताना भिंगरी शेजारी बसली होती. म्हणजे आमचं बोलणं सुरू झालंय, ते याच अटीवर. तिच्या आग्रहाखातर हेच पत्र धाकट्याला आणि माझ्या नणंदेलाही गेलंय. मजकूर शब्दाला शब्द तोच, फक्त मायना, नाती, खोकला आणि गुडघा बदलला. ती म्हणते, तीन ठिकाणी विचारलेलं बरं. नमुना म्हणून आधी सीट पाठवलीस तरी चालेल.

ता. क. शेवटचा. दादा, रागावू नकोस. 'तुझ्याशिवाय माझं ऐकून घेणारं आहे तरी कोण' हे वाक्य लिहिताना शपथेवर सांगते, डोळ्यांसमोर फक्त तू होतास. (हेही तिघांना लिहिलंय.)